थकवा लोकलचा की थायरॉइडचा?

डोंबिवलीहून रोज लोकलने नोकरीला जाणारी बाई थकली, की घरचे गर्दीला दोष देतात. ओपीडीच्या घाईत आम्ही डॉक्टरही कधी नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून देतो. पण थकव्याबरोबर वजन वाढणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, अनियमित पाळी, थंडी सहन न होणे असेल, तर टीएसएच तपासायलाच हवे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांतील पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम आढळला. आयोडीनयुक्त मीठ खाऊनही तो होतो; कारण अनेकांची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. अँटी-टीपीओ चाचणीत त्याची खूण सापडते. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाआधी किमान अर्धा तास घ्यावी. बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये; गरोदरपणात तर मुळीच नाही.