दोष ‘क्यू’चा नाही

‘क्वांटाईझ केलं की गाण्यातला जीव जातो’ हे वाक्य रेकॉर्डिंगच्या धंद्यात इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरं आहे का, हे आता कुणी तपासतही नाही. कीबोर्डवर वाजवलेले मिडी सूर पियानो रोलवर पट्ट्यांसारखे दिसतात. क्युबेस किंवा लॉजिकमध्ये क्वांटाईझचं ‘क्यू’ हे बटण दाबलं की प्रत्येक पट्टी जवळच्या रेघेला जाऊन चिकटते. एवढ्याशा सोयीवरून दोन पंथ पडलेत. एक म्हणतो, हात लावू नका, माणसाने वाजवलंय तसंच राहू द्या. दुसरा आधी सगळं सिलेक्ट करतो, शंभर टक्के क्वांटाईझ मारतो आणि चहा सांगतो. मला दोघेही सारखेच आळशी वाटतात.

पहिल्या पंथाचं लाडकं उदाहरण म्हणजे डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला. एमपीसी 3000 या ठेके बांधायच्या यंत्रावर क्वांटाईझ बंद करून तो हातानेच वाजवायचा, म्हणून त्याचे ठेके तसे लडखडत, डुलत चालतात, अशी दंतकथा आहे. डॅन चार्नस यांनी 2022 च्या ‘डिला टाइम’ या पुस्तकात ती बऱ्यापैकी उसवली. डिला यंत्राच्या सोयी टाळत नव्हता, त्या कोळून प्यायला होता. एक आवाज सरळ, दुसरा झुलता, तिसरा मुद्दाम किंचित आधी, असं तो एकाच ठेक्यात मांडायचा. हे नुसतं बटण बंद ठेवून जमत नाही. तसंही क्वांटाईझ आणि ठेका झुलवणारी स्विंगची सोय या वैरिणी नव्हेतच. रॉजर लिन यांनी 1980 च्या एलएम-1 ड्रम मशीनमध्ये दोन्ही सोयी एकाच वेळी दिल्या होत्या, आणि एमपीसीची घडणही त्यांचीच.

बरं, ‘जसं वाजलं तसं’ म्हणजे नेमकं काय? ऑडिओ बफर 512 सॅम्पलचा असेल तर 44.1 किलोहर्ट्झला त्या बफरपायीच आवाज जवळपास 12 मिलिसेकंद उशिरा कानावर येतो. वाजवणारा नकळत तेवढा पुढे धावतो. त्यात आपल्यापैकी बहुतेक मिडी प्रोग्रामर काही पियानोवादक नाहीत. दोन बोटांनी ड्रम आणि तीन बोटांनी कॉर्ड वाजवणारी मंडळी आपण. मग पट्टी रेघेपासून जेवढी हलली त्यात भावना किती, संगणकाची दिरंगाई किती आणि बोटांचा कच्चा रियाज किती? हे सगळं एका पोत्यात भरून त्यावर ‘फील’ अशी चिठ्ठी लावायची, हे मला मान्य नाही. लय कच्ची असली तर कुठलाही तबलजी तोंडावर सांगतो. संगणकासमोर बसलं की तेवढं कच्चेपण एकदम कला कसं होतं?

यंत्राच्या काटेकोरपणाने जीव जातो म्हणावं, तर 1977 चं डॉना समरचं ‘आय फील लव्ह’ ऐका. निर्माता जॉर्जिओ मोरोडरच्या त्या गाण्यात मूग सिंथेसायझरचा सीक्वेन्स घड्याळासारखा चालतो आणि त्यावर जगभरचे डिस्को नाचले. त्यातला किक ड्रम मात्र ड्रमर कीथ फोर्सीने हाताने वाजवलाय. यंत्र आणि माणूस एकाच गाण्यात, आणि कुणाचा जीव गेला नाही.

आता दुसरा पंथ. यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण संख्येने हेच जास्त. त्यांचं म्हणणं, रेघ म्हणजेच लय. ते कसं फसतं हे ढोलकीच्या एकाच बारमध्ये दिसतं. टेम्पो 100 धरा. सोळाव्या भागाचा एक खण 150 मिलिसेकंदांचा. सॅम्पल केलेल्या ढोलकीवर मुख्य थापेच्या 30 मिलिसेकंद आधी एक हलकी टिचकी वाजवली आहे. मोठ्या थापेला ती नुसता धक्का देते. ‘क्यू’ दाबलं की टिचकी आणि थाप एकाच रेघेवर. एकाच आवाजाचे दोन सूर एका क्षणी वाजतात, धक्का नाहीसा होतो आणि थाप विनाकारण जाड होते. डाव्या पुडीचा ओढून काढलेला घुमारा 80 मिलिसेकंद मागे वाजवला असेल तर आणखी मजा: अर्धा खण 75 चा, म्हणून सॉफ्टवेअर त्याला पुढच्याच रेघेवर नेऊन ठेवतं. ठेका सुधारला नाही, बदलला.

लावणीच्या ठेक्याची चाल बहुधा सरळ चौपट नसते आणि चोख तिप्पटही नसते. स्विंगच्या मापात 50 म्हणजे सरळ, 66 म्हणजे तिप्पट; ती चाल या दोहोंच्या मधे कुठेतरी, आणि गाणं रंगात आलं की तिथूनही सरकते. शंभर टक्के क्वांटाईझ म्हणजे ही सगळी चाल 50 वर आणून ठोकणं.

शिवाय रेघेवर येते ती सुराची सुरुवात, ऐकू येणारा आवाज नव्हे. व्हायोलिनच्या मंद उठणाऱ्या सॅम्पलची पट्टी अगदी रेघेवर असली तरी सूर भरायला वेळ लागतो आणि स्ट्रिंग्ज मागे रेंगाळल्यासारख्या वाटतात. त्या ट्रॅकला उणे डिले देऊन पुढे ओढावं लागतं. डोळ्यांना चोख दिसणारं काम कानाला ढिलं लागतं, आणि हे लोक काम डोळ्यांनी करतात.

यावर ‘ह्युमनाईझ’चा उतारा सांगितला जातो: आधी सगळं सरळ करा, मग थोडं विस्कटा. पण ती सोय बहुधा फासे टाकून सूर हलवते, आणि माणूस फासे टाकून वाजवत नाही. संशोधक होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की वादकाच्या लयीतले बारीक फरक एकमेकांशी बांधलेले असतात. आताच्या चढउताराचा माग बऱ्याच पुढच्या ठोक्यांतही सापडतो. ऐकणाऱ्यांनाही निव्वळ यादृच्छिक फरकांपेक्षा असे बांधलेले फरक जास्त आवडले.

मग करायचं काय? आधी मालक ठरवा. ढोलकीचं गाणं असेल तर ढोलकी मालक. रेघ फक्त साक्षीला. ढोलकी कानाने लावायची, चुकलेले ठोके एकेक करून हलवायचे, टिचक्यांना हात लावायचा नाही. बेस रेघेवर न्यायचा नाही, ढोलकीवर न्यायचा. त्यासाठी तिच्या वाजवण्यातूनच ग्रूव्ह काढून तो बेसला लावता येतो. बाकीच्यांना निम्म्या जोराचं क्वांटाईझ पुरतं, म्हणजे 20 मिलिसेकंद चुकलेला सूर 10 वर येतो आणि पुढे-मागेपणाची दिशा टिकते. आणि वेळेच्याही आधी व्हेलॉसिटी, म्हणजे सूर किती जोरात वाजला ते, बघा. सगळ्या थापा 100 वर असतील तर कुठलीही लय यांत्रिकच वाटणार, मग पट्ट्या कितीही हलवा. सुरांची लांबीही पाहा: बेसचा सूर कधी सुटतो यावर ठेक्याचं निम्मं वजन असतं, आणि नुसतं ‘क्यू’ बहुधा सुरुवातच हलवतं.

‘उद्या सकाळी मालिकेचं शीर्षकगीत द्यायचंय, एवढा वेळ कुणाला?’ हा आक्षेप खरा आहे. पण सरसकट ‘क्यू’ मारून जमलं नाही म्हणून वर आणखी शेकर, आणखी टाळ्या, आणखी लूप चढवण्यात जाते त्या रात्रीचा हिशेब कुणी मांडत नाही. घाईच असेल तर फक्त ढोलकी आणि बेस हाताने लावा. सिंथ पॅडचे चार-चार बार लांब सूर खुशाल शंभर टक्के रेघेवर न्या. ते इतके सावकाश उठतात की कुठल्या रेघेवर बसवले होते हे ऐकणाऱ्याला कळतही नाही.