व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवलात? समोरचा त्याचा अर्थ ‘हो’ असा लावू शकतो

समजा, राहुरीतल्या एका शेतकऱ्याला व्यापाऱ्याचा मेसेज आला : “शंभर गोणी कांदा, ठरलेला भाव, सोमवारी गाडी पाठवतो. कन्फर्म करा.” शेतकऱ्यानं घाईत अंगठा पाठवला. त्याच्या मनात होतं, “मेसेज बघितला.” व्यापाऱ्यानं अर्थ घेतला, “सौदा पक्का.” सोमवारी घोडेगावच्या बाजारात भाव चढला, तर माल कुणाचा?

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण कॅनडात असंच प्रकरण खरोखर कोर्टात गेलं.

कॅनडात काय घडलं?

मार्च २०२१ मध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य कंपनीच्या खरेदीदारानं जवस खरेदीच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाईलवर पाठवला आणि कन्फर्म करायला सांगितलं. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. नोव्हेंबरपर्यंत भाव दुपटीहून जास्त झाला आणि माल काही पोहोचला नाही. “अंगठा म्हणजे फक्त करार मिळाला,” असं शेतकऱ्याचं म्हणणं होतं. पण याआधीचे सौदेही त्यानं ‘ओके’, ‘हो’ अशा छोट्या उत्तरांवरच पक्के केले होते. त्यामुळे २०२३ मध्ये कोर्टानं अंगठा ही संमती मानली. भरपाई ठरली ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त, म्हणजे सुमारे ५० लाख रुपये.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

‘अंगठा म्हणजे करार’ असं भारतातल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ९ नुसार संमती शब्दांशिवायही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं, की केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. म्हणजे वाद झालाच, तर आधीचे मेसेज आणि दोघांमधली व्यवहाराची पद्धत पाहिली जाऊ शकते.

हसण्यावरूनही गुन्हा?

इथे कोर्टांची दोन वेगळी उत्तरं आहेत. तामिळनाडूत एका ऑफिसच्या ग्रुपवर महिला अधिकाऱ्यानं टाकलेल्या व्हिडिओवर सहकाऱ्यांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. प्रकरण पोलिसांत गेलं. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. इमोजी ही भावना व्यक्त करण्याची पद्धत आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

दुसरं प्रकरण पुण्यातलं. मे २०२५ मध्ये एका शिक्षिकेनं सोसायटीच्या ग्रुपवर ‘ऑपरेशन सिंदूर’च्या मेसेजवर हसणारा इमोजी आणि काही मजकूर टाकला. नंतर तिनं माफी मागितली. तरी जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एफआयआर रद्द करायला नकार दिला. अर्थात, एफआयआर रद्द न होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. पण पोलीस आणि कोर्टाच्या चकरा सुरू व्हायला एक चेहरा पुरतो, हे यातून दिसतं.

गोंधळ होतो कशामुळे?

समोरासमोर बोलताना आवाज आणि चेहरा सोबत असतो. स्क्रीनवर तो नसतो. जोडलेले हात कुणाला नमस्कार वाटतात, कुणाला आभार, तर कुणाला “आता पुरे”. वडीलधाऱ्यांचा अंगठा म्हणजे “ठीक आहे”. तोच कॉलेजमधल्या मुलांना तुटक वाटतो. त्यात २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट मेसेजवर रिअ‍ॅक्शन देता येते. गावच्या ग्रुपवर वाढदिवस आणि निधनाची बातमी एकाखाली एक येते. बोट सरकलं, की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वर हसरा चेहरा उमटतो.

मग काय पाळायचं?

• पैसा, माल, जमीन, नोकरी यांबद्दल उत्तर शब्दांतच द्या. “मेसेज मिळाला, उद्या कळवतो” हे लिहायला पाच सेकंद लागतात.
• दुःखाच्या बातमीवर दोन ओळी लिहा. शक्य असेल तर फोन करा.
• सरपंच, सर, मॅडम, साहेब यांच्याशी पहिल्यांदाच बोलताना इमोजी टाळा.
• धर्म, जात, युद्ध, अपघात अशा मेसेजवर हसणारा चेहरा टाकण्याआधी थांबा.
• चूक झाली, तर नुसतं डिलीट करू नका. “चुकून पडलं, माफ करा” असं लगेच लिहा. स्क्रीनशॉट तोवर कुणीतरी काढलेला असतो.

आणि समोरच्याचा इमोजी खटकला, तर भांडणाआधी एकदा विचारा : “तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?”