उलटे घड्याळ

भाचीने परवा आग्रहाने एक इंग्रजी चित्रपट दाखवला. ‘द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन’ हे त्याचे नाव. २००८ सालचा, म्हणजे भाचीच्या हिशेबी पुराणकाळातलाच. बेंजामिन जन्मतो तो सुरकुतलेला, सांधे धरलेला म्हातारा, आणि वर्षागणिक तरुण होत जातो. मूळ कथा फिट्झजेराल्डने १९२२ साली लिहिली. तीत थट्टाच अधिक. डेव्हिड फिंचरने तिचा पावणेतीन तासांचा गंभीर चित्रपट केला. सुरुवातीलाच एक आंधळा घड्याळजी भेटतो. त्याचा मुलगा युद्धात पडलेला. तो स्टेशनासाठी उलटे फिरणारे घड्याळ करतो, की गेलेली मुले कदाचित घरी येतील. एवढ्यावर चित्रपट संपला असता तरी माझी तक्रार नव्हती.

कल्पना आपल्याकडे नवी नाही म्हणा. मुलाचे तारुण्य मागून घेणारा ययाती खांडेकरांनी १९५९ साली घरोघर पोचवला. दोनच वर्षांनी गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘ययाति’ प्रसिद्ध झाले. हे कार्नाड जन्मले आमच्या कर्जत तालुक्यात, माथेरानला, १९३८ साली. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना वर करतात! कार्नाडांनी विचारले ते असे, की पुरू अचानक म्हातारा झाला, मग त्याच्या नव्या नवरीने काय करायचे? त्यांच्या नाटकातली चित्रलेखा विष घेते.

चित्रपटातली डेझी विष घेत नाही. ती म्हातारी होत जाते, तो लहान. शेवटी तो सारे विसरलेले पोर होतो. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. डेझी त्याच्याजवळ राहायला जाते, आणि तान्हे मूल होऊन तो तिच्याच कुशीत डोळे मिटतो. तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. भाचीला वाटले, मामा कंटाळला.

माझी आई खालापूरला धाकट्या भावाकडे असते. दर रविवारी मी कर्जतहून खोपोलीची लोकल धरतो. पळसधरी, केळवली, डोळवली, लौजी. पूर्वी गाडीत पेपर तपासायचो. आता विचार करीत जातो, आज आई केवढी असेल? ब्याऐंशी वर्षांची ती फक्त रेशनकार्डावर. गेल्या वर्षी ती सासूच्या धाकातली नवी सून होती. यंदा आठ-नऊ वर्षांची आहे. मला ‘दादा’ म्हणते. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ.

“दादा, आई कुठं गेली रे?”

आधी मी मास्तरकीच्या सवयीने चूक दुरुस्त करी. “आई, आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली.” ती रडे, बातमी आत्ताच आल्यासारखी. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडे. असे तीन रविवार मी तिच्या आईला मारले. चौथ्या रविवारी भावजय हळूच म्हणाली, “भाऊजी, शेतावर गेलीय म्हणून सांगा ना.”

तेव्हापासून आजी शेतावर गेलेली आहे.

चित्रपट एका ठिकाणी मात्र फसला आहे, असे मला वाटते. बेंजामिन लहान होतो तो सगळाच्या सगळा. माणूस असा सरसकट लहान होत नाही. यंदा गणपतीत भावजय मोदक वळत होती. आई शेजारी येऊन बसली. हे घर कुणाचे, ते तिला ठाऊक नव्हते. उकडीचा गोळा हातात घेतला, पाण्याचे बोट लावले आणि पारी करून कळ्या पाडायला लागली. एकसारख्या, पातळ, एकही फाटली नाही. “नारळ ओला आहे फार, अजून परतायला हवा होता,” असेही भावजयीला सुनावले. भावजय खाली मान घालून हसली.

एकवीस झाले. मोदकपात्र उतरले. मग माझ्याकडे बघून, आवाज एकदम बारीक करून, तिने विचारले, “दादा, नैवेद्याआधी एक खाल्ला तर आई रागावेल?”

म्हटले, नाही रागावणार. शेतावरून यायला तिला अजून वेळ आहे.

तिने खाल्ला. भावजयीने बाविसावा वळायला घेतला.