जरा अडू द्या

या आठवड्यात माझा भाचा राहायला आला होता. आठवीत आहे, चुणचुणीत आहे आणि ‘का?’ विचारून भंडावून सोडतो, म्हणून मला फार आवडतो. जेवणं झाल्यावर मी त्याला म्हटलं, “कोणतेही चार आकडे घे, चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांड, लहानात लहान मांड, वजाबाकी कर. जे येईल त्याचं पुन्हा तेच. बघ कुठे पोचतोस.” मी कागद-पेन्सिल घेऊन येईपर्यंत तो म्हणाला, “मावशी, ६१७४.” फोन ताटाशेजारीच होता.

उत्तर अगदी बरोबर होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर ना नवल, ना शंका. एरवी प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारणाऱ्या या मुलाने ‘पण ६१७४च का?’ असं विचारलंच नाही. उत्तर इतक्या लवकर आलं की प्रश्न त्याच्या मनात शिरलाच नाही. मला वाईट वाटलं ते याचं.

इंटरनेटमुळे आपला विचार उथळ होतोय का, हा वाद जुना आहे. निकोलस कार यांचा त्यावरचा गाजलेला लेख २००८चा. २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत दिसलं, की माहिती नंतर संगणकात सापडणार आहे असं वाटलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात. २०१७च्या एका अमेरिकी प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी आकलनाच्या चाचण्या टेबलावर फोन ठेवलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या. टेबलावरचे फोन आवाज बंद करून पालथे ठेवलेले होते, तरीही.

लोक इंटरनेटवरच्या खोट्या माहितीबद्दल बोलतात, ते योग्यच आहे. माझी तक्रार खऱ्या माहितीबद्दल आहे. ती येते फार लवकर. माणूस अडतो तेव्हाच विचार करायला लागतो. चुकीच्या वाटेने जातो, ती का चुकली ते त्याला कळतं, परत फिरतो. भाजी निवडताना, रस्त्याने चालताना ते डोक्यात घोळत राहतं. हे घोळणंच आपण काढून टाकतोय. मोठ्यांचंही तेच. एखाद्या जुन्या नाटकात ती भूमिका कोणी केली होती, यावर पूर्वी चार जण तासभर भांडायचे आणि त्या भांडणातून आणखी दहा आठवणी निघायच्या. आता कुणीतरी फोन काढतो, नाव कळतं आणि गप्पा तिथेच संपतात. मला घरबसल्या विश्वकोश वाचता येतो, जुनी दुर्मीळ पुस्तकं मिळतात, त्याबद्दल मी इंटरनेटची ऋणी आहे. पण वाचायला बसण्याआधी थोडं अडलेलं असावं लागतं.

आणि तो आकडा कुणाचा, हेही भाच्याला ठाऊक नव्हतं! ६१७४ हा कापरेकर स्थिरांक. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५चा. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, संगणकाचा तर प्रश्नच नाही. आपल्या पुस्तिका ते स्वतः छापत. इथल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. मला कापरेकरांबद्दल अपार आदर आहे. शाळामास्तरच्या पगारात आणि शाळा सुटल्यावरच्या वेळात ते संख्यांशी बसून राहिले.

१२३४ घ्या. ४३२१ वजा १२३४, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. कुठलेही चार आकडे घेतले तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथे येता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला, वेगळ्याच आकड्यांवरून निघूनही तोच ६१७४ समोर आला, की अंगावर काटा येतो. हा काटा कुठल्याही पडद्यावर सापडत नाही. तो वजाबाकी करणाऱ्यालाच मिळतो, मधे एकदा हातचा चुकवून पुन्हा सुरुवात करणाऱ्याला तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला मी तीन आकड्यांचं कोडं घातलं, फोन माझ्याकडे ठेवून. पानभर वजाबाक्या झाल्या. मग तो मान वर करून म्हणाला, “मावशी, मधला आकडा सारखा नऊच का येतोय गं?” ‘का’ परत आला होता.

तीन आकड्यांचं शेवटी काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. दोन आकड्यांचं तर भलतंच होतं. या रविवारी घरातल्या मुलांना घेऊन बसा, पाठकोरे कागद घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि कृपा करून शोधू नका, करून पाहा.