स्टेरॉईड : आधी संजीवनी, मग राक्षस, बातम्यांच्या नादात आपलं नुकसान

जून २०२० मध्ये इंग्लंडहून बातमी आली, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडनं कोरोनाचे रुग्ण वाचतात. टीव्हीवाल्यांनी जणू संजीवनीच सापडल्याचा थाट केला. अभ्यासात मात्र नेमकं सांगितलं होतं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मागं राहिलं आणि घरी बसलेल्या साध्या रुग्णांनीही गोळ्या खाल्ल्या.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस वाढला. वाढलेली साखर आणि स्टेरॉईडचा जादा वापर ही त्याची मोठी कारणं. डोळे गेलेले रुग्ण रोज पडद्यावर दिसू लागले आणि तेच औषध राक्षस झालं.

ती भीती अजून वाड्यावस्त्यांवर आहे. आमच्याकडच्या एका दमेकरी काकूंनी 'त्यात स्टेरॉईड असतं' म्हणून पंप बंद केला. अहो, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तोही थेट फुफ्फुसात जातो. त्याच काकू गुडघ्यासाठी बिननावाची पुडी घेतात. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, पण त्याची बातमी क्वचितच होते.

बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉईडची गोळी एकदम सोडणंही जिवावर बेतू शकतं. शरीरानं स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं.

फवारणीला आपण प्रमाण बघूनच औषध घेतो ना? मग इथंही डॉक्टरांना विचारा: कशासाठी, किती, किती दिवस? बातमी बघून औषध सुरू करू नका, अन् बंदही करू नका.