शाळेच्या समितीची सही

जूनमध्ये शाळा भरते. ज्या गावांत जुन्या समितीची दोन वर्षं पुरी झालेली असतात, तिथं शाळा व्यवस्थापन समितीची नवी निवड करायची असते. पालकसभेचा निरोप घरोघरी जातो, पण पेरणीच्या घाईत येतो कोण? दहा-पंधरा माणसं जमतात. त्यातला एखादा म्हणतो, "गुरुजी, तुम्हीच घाला नावं. आम्ही कुठं नाही म्हणतोय?" पंधरा मिनिटांत समिती तयार होते. पुढं दोन वर्षं सभा भरतच नाही. एखादं पोरगं रजिस्टर घेऊन दारोदार फिरतं आणि माउली भाकरीच्या पिठाचा हात पदराला पुसून दाखवील तिथं सही करते. कशावर केली, हे तिनं विचारलेलं नसतं आणि तिला कोणी सांगितलेलंही नसतं.

सगळ्याच गावांत असं चालतं, असं आमचं म्हणणं नाही. पण बऱ्याच गावांत चालतं, हे गावकरीही जाणतात आणि अधिकारीही.

वास्तविक पूर्वीच्या ग्राम शिक्षण समितीपेक्षा या समितीच्या हातात पुष्कळ जास्त आहे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा बाया. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक सचिव. सभा महिन्यातून एकदा. शाळेच्या कामावर देखरेख करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते पाहणं, ही कामं कायद्यानंच सोपवलेली आहेत.

पण खरी मेख पुढं आहे. समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि त्याच आराखड्याच्या आधारे सरकारनं व जिल्हा परिषदेनं शाळेसाठी नियोजन आणि अनुदान ठरवायचं, असं कायदा म्हणतो. पुढच्या वर्षी कोणत्या वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती लागतील, खोली, संडास, पाणी, कुंपण यांतलं काय हवं आणि त्याला पैसा किती, एवढं त्यात लिहायचं असतं. यातलं कोणतं गावच्या माणसाला कळत नाही? कोणाच्या घरी सहा वर्षांचं पोर आहे, हे अंगणवाडीच्या ताई बोटांवर मोजून सांगतील. पण आराखडा मागच्या वर्षीचा उतरून काढला जातो आणि त्याच्याखाली सही पडते. मग छत गळतं, तेव्हा आपण पंचायत समितीच्या नावानं बोटं मोडतो. छताचा ठराव कधी केला होता, असं तिथल्या साहेबांनी उलट विचारलं तर उत्तर नसतं.

गुरुजींनाच दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, मतदारयाद्या, आहाराच्या नोंदी, मोबाईलवरची रोजची माहिती, एवढं सांभाळणाऱ्या माणसाला रजिस्टर फिरवणं सोयीचं वाटलं तर नवल नाही. शिवाय सभा सकाळी अकराला. त्या वेळी समितीतली बाई खुरपायला गेलेली असते आणि सभेसाठी रोज बुडवणं तिला परवडत नाही. हीच सभा संध्याकाळी सातला देवळाच्या ओट्यावर घ्यायला काय हरकत आहे? गुरुजी तालुक्याहून येऊन-जाऊन करत असतील, तर महिन्यातून एक दिवस त्यांना गावात जेवायला ठेवून घ्यावं.

पैशाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेत पटावर अनुदान ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. विजेचं बिल, खडू, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. रक्कम छोटी आहे. तेवढ्यासाठी का होईना, पासबुक सभेत उघडून वाचावं. गुरुजींवरचा संशयही त्यानं मिटतो आणि एवढ्यात शाळा चालत नाही, हेही गावाला कळतं.

आता सर्वात तातडीची गोष्ट. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यातून दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोरंही फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत शाळा सुटते ती सुटतेच. अशा मुलांना गावातच आजी-आजोबांकडं ठेवून दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहं या समित्यांमार्फतच चालवली गेली आहेत. त्यासाठी कोण जाणार, कोणाचं मूल मागं राहू शकतं, याची यादी आणि ठराव आधी व्हावा लागतो. टोळी गेल्यावर केलेल्या यादीचा उपयोग नाही. मुकादमाकडून उचल घेतली जाते, तेव्हाच गावाला कळलेलं असतं कोण जाणार ते. मुलं गेली की वर्गात बाकं रिकामी राहतात आणि पट घटला की शाळेच्या मुळावरच येतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं मागवले होते, हे विसरू नये.

जिल्हा परिषदेतही शिक्षण समिती असते. परंतु २०२२ मध्ये मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच होते. त्या काळात शाळेचं गाऱ्हाणं मांडायला तालुक्या-जिल्ह्याला लोकांचा सदस्य नव्हता. गावची समिती मात्र होती. तिच्या किती ठरावांना जावक क्रमांक पडला, हे ज्यानं त्यानं आपल्या गावचं दप्तर काढून पाहावं.

सरपंच आणि ग्रामसेवक यांनाही एक विनंती. (ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं ठरलंय. लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे.) समितीत ग्रामपंचायतीचा सदस्य असतो, तो सभेला जातो का ते पाहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावच्या विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. त्या दिवशी शाळेचा आराखडाही टेबलावर ठेवा आणि अध्यक्षाला, मग तो शेतकरी असो की मजूर बाई, उभं राहून तो वाचू द्या. म्हणजे तो सप्टेंबरातच लिहून व्हायला हवा आणि ऊसतोडीची यादीही त्याच सभेत.