वचनाआधी साक्षीदाराची पारख

‘तलाक दिला’ एवढे सांगणे पुरेसे नाही. सबळ कारण व समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये दिला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातील तीन तलाक रद्दबातल ठरविले. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. मात्र या वादाच्या मुळाशी जुना प्रश्न आहे : प्रेषितांचे म्हणून सांगितलेले वचन खरे कशावरून?

हदीसचे अभ्यासक वचनाआधी ते सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे इस्नाद, तपासतात. निवेदक सचोटीचा होता काय, त्याचे स्मरण पक्के होते काय, ज्याचा हवाला तो देतो त्याची भेट शक्य होती काय, हे पाहिले जाते.

तीन तलाक एकच मानावेत, यासाठी रुकाना यांचा प्रसंग पुढे केला जातो. त्या साखळीत दाऊद बिन हुसैन हे इक्रिमा यांचा हवाला देतात. दाऊद विश्वासार्ह, पण इक्रिमांच्या बाबतीत नव्हे, असा शेरा इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी मारला. इब्न तैमिया यांनी मात्र हा प्रसंग ग्राह्य धरला. अहले हदीस व हनफी पंथीयांतील मतभेदाची एक कड येथे आहे.

इब्न हजर यांचा निवेदकांचा बारा खंडी चरित्रकोश विसाव्या शतकारंभी हैदराबादेत छापला गेला. तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता. एका निवेदकाच्या स्मरणावर एखादीचा संसार तोलला जात असेल, तर ही चिकित्सा केवळ मदरशापुरती उरत नाही.